तक्त्यात उरलेला रंग

फोटो मोठा करायला घेतला आणि प्रोग्रामने तिला हटकलं: फाईलच्या रंगांच्या तक्त्यातले काही रंग चित्रात कुठेच वापरलेले नाहीत.

फोटो तिच्या पहिल्या वाढदिवसाचा. राखाडी सोफा, निळ्या शर्टातले बाबा आणि त्यांच्या मांडीवर ती, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून खदखदून हसणारी. तिच्या लग्नाच्या हॉलमध्ये दारातच तो लावायचा होता. आईला मात्र लग्नाचं बोलावणं नव्हतं. जी बाई दहा महिन्यांचं लेकरू टाकून निघून गेली, तिला बोलवायचं कशाला? हे तिने स्वतःच ठरवलं होतं. बाबांनी फक्त मान डोलावली होती.

जुनी जिफ फाईल होती. तिची रीत बाबांनीच शिकवलेली. बापलेकीचा धंदाच फोटोदुरुस्तीचा. या फाईलमध्ये ठिपक्यात रंग नसतो, नुसता क्रमांक असतो. रंग बसतात वेगळ्या तक्त्यात. फाईल बनताना चित्रात जे रंग असतील, त्यांतूनच हा तक्ता भरतो. मागाहून कोणी चित्रातलं काही पुसलं, तरी तक्त्यातली त्याची घरं तशीच राहतात.

आणि या तक्त्यात ओळीने केशरी छटा बसल्या होत्या. उजेडातली, सावलीतली, अगदी घडीतली गडद. फोटोत मात्र केशरी रंग औषधालाही सापडत नव्हता.

बाबा शेजारच्या टेबलावर प्रिंटच्या कडा कापत होते.

"बाबा, या फोटोत हे नारिंगी कुठून आलं हो?"

"नारिंगी कुठलं? जर्दाळूच्या रंगाचा स्वेटर होता तो," बाबा मान वर न करता म्हणाले. रंगाचं नाव चुकलेलं त्यांना खपतच नसे. मग त्यांच्या हातातली कात्री थांबली.

तिने स्वेटरचं नावही काढलं नव्हतं.

ज्या माणसावर जन्मभर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यानेच केसाने गळा कापला होता.

"अगं, ऐक तरी," बाबा म्हणाले.

तिला कालचा फोन आठवला. "पहिल्या वाढदिवसाचा फोटो बघ गं एकदा," आई काकुळतीला येऊन म्हणाली होती. "शंभरदा बघितलाय. तू नाहीस त्यात," तिने ताडकन सुनावलं होतं.

मग आईने हलकेच विचारलं होतं, "नाही?"