सासूबाईंची हंच

मनाला आधीच लागणाऱ्या चाहुलीला आमच्या मिनेसोटात 'हंच' म्हणतात. माझ्या सासूबाईंची, व्हर्नाची, हंच तर गावभर प्रसिद्ध. माझी नोकरी गेली तेव्हा, बाळ पोटातच गेलं तेव्हा, गावाला कळायच्या आत त्या खिमा-बटाट्याची गरम हॉटडिश घेऊन दारात हजर. "मनात पाल चुकचुकली गं!" माझा नवरा कर्ट कौतुकाने म्हणायचा, "आईला आतूनच कळतं सगळं."

आज दुपारी त्या हॉटडिश घेऊन आल्या आणि मला मिठी मारून रडायलाच लागल्या. मला हसू आलं.

"आई, आज तुमची हंच साफ चुकली! आमचं सगळं मजेत चाललंय."

त्यांनी चटकन डोळे पुसले.


"अगं बाई! तो तुला सोडून जातोय, हे कर्टने अजून फक्त मलाच सांगितलंय?"