सोबतच्या फोटोतील इसम

"ती सूचना काढली वाटतं त्यांनी," नवनाथ फोनकडे बघत म्हणाला. "चार दिवस झाले, दिसत नाहीये."

वेदिका दारात बसून बुटाची लेस बांधत होती. "पप्पा, तुम्ही तिच्यावरची फुली दाबली होती ना? मग तुम्हाला परत नाही दिसणार. ती फक्त नवीन माणसाला दिसते."

"मम्मीच्या फोनवर बघू का?"

"तिथे पण आपण दाबलीय." खाली शाळेच्या रिक्षाचा हॉर्न वाजला आणि ती दप्तर उचलून पळाली.

नवनाथ तिथेच उभा राहिला. नऊ वर्षं त्याने एका नर्सरीची टोमॅटो-मिरचीची रोपं थेट हरसूलपर्यंत विकली होती. मालकाशी वाजलं, तो बाहेर पडला, आणि दुसऱ्याच दिवशी नर्सरीच्या वेबसाइटवर ती सूचना आली. आज साडेअकराला दिंडोरी रोडच्या दुसऱ्या एका नर्सरीत त्याला बोलावलं होतं. तिथले शेठ जुन्या ठिकाणची वेबसाइट उघडून बघणारच. आणि तिथे ते नवीन माणूस.

ती वेबसाइट कधीच उघडली नव्हती असा घरात एकच फोन होता, आईचा. पुतळाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. नोकरी सुटून दीड महिना झाला, तरी त्या रोज त्याचा डबा भरत होत्या आणि तो नाशिक रोड स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर बसून तो संपवत होता.

"आई, तुझा फोन दे जरा."

"ने की. पण माझं भजन घालवू नको. काल लय शोधून सापडलंय." भाकरी थापता थापताच त्या बोलल्या.

खिडकीशी जाऊन त्याने नर्सरीचं नाव टाकलं. हिरव्यागार रोपांच्या रांगा दिसल्या. एक क्षण गेला, दोन गेले. काहीच आलं नाही. त्याने सोडलेला श्वास पुरता बाहेर पडायच्या आत रोपांवर चौकोन उमटला. दिवाळीत कॅलेंडरसाठी काढलेला फोटो. डोक्यावर नर्सरीची टोपी, हातात रोपांचा ट्रे, चेहराभर हसू.

"अगं बया, हा तर तू!"

पुतळाबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, त्याला कळलं नाही. त्याचं बोट फुलीकडे गेलं, पण तोवर त्यांनी फोन काढून घेतला होता.

"थांब, वाचू दे. मालकानं काय लिवलंय बघू."

पुतळाबाई साठीनंतर वाचायला शिकल्या होत्या, तेही पोथीवरून. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा त्या पोथीच्याच चालीत वाचायच्या. अक्षरांजवळून बोट फिरवत त्यांनी मोठ्याने सुरू केलं.

"सोबतच्या... फोटोतील... इसम... नवनाथ..." नाव आल्यावर त्या कौतुकाने हसल्या. "यांचा... आमच्या नर्सरीशी... काहीही संबंध... राहिलेला नाही. त्यांच्याशी... कोणीही..."

चाल थांबली. पुढचं त्यांनी मनातच वाचलं. ओठ तेवढे हलत होते. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, पण दोघांपैकी कोणी हललं नाही.

"ही समद्यांना दिसती?"

"नाही. नवीन माणसाला. फुली दाबली की त्याला परत दिसत नाही."

"कुठं हाय फुली?"

त्याने दाखवली. त्यांनी पिठाचं बोट पदराला पुसलं आणि फुली दाबली. सूचना गेली, तरी त्याच जागी आणखी एकदा दाबली.

"आता मला नाय दिसायची ना?"

"नाही."

"मग झालं."

त्यांनी फोन फडताळावर ठेवला, करपलेली भाकरी बाजूला काढली आणि दुसरी थापायला घेतली. साडेअकराचं सांगावं असं नवनाथच्या मनात आलं. पण त्याने सांगितलं नाही.

नेहमीसारखाच त्यांनी डबा त्याच्या हातात दिला. या वेळी पाण्याची बाटलीही दिली.

"ऊन लय हाय," त्या म्हणाल्या. "सावली बघून बस."