रिकाम्या मैदानातली गर्दी

"न्हाई म्हंजे न्हाई." गिरिजाबाईंनी पदर खोचला आणि शाळेच्या पायरीवर ठाण मांडलं. "मी तिथं न्हवते. न्हवते तर न्हवते."

समोर नात भावना हात जोडून उभी. शहरात जाऊन सिनेमाचं शिकून आलेली पोरगी, गावातल्या सगळ्यांना तिनं कामाला लावलं होतं, पण ही एक म्हातारी काही बधेना. छप्पनच्या दसऱ्याला या गावातून, हसनाबादहून, दीक्षा घ्यायला नागपूरला गेलेल्या माणसांवर ती फिल्म करत होती. सकाळी गावातली वीसेक माणसं पांढऱ्या कपड्यांत शाळेच्या मैदानात बसवली, त्यांचं शूटिंग केलं, आणि एआयनं त्या विसांचे लाखभर करून दिले. स्टेज मात्र तिनं मुद्दाम लांब ठेवलं होतं. बाबासाहेबांचा चेहरा मशीनकडून करून घ्यायचा नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आता फिल्मचा शेवट तेवढा राहिला होता. त्या गर्दीत बसलेली आजी.

"आज्जी, तुझे माय-बाप तर गेल्ते ना?"

"ते गेल्ते. मला गोवर आल्ता, म्हणून आत्यापाशी ठेवलं. दारात बसून रडले मी चार दिवस. अन् आता म्हातारपणी क्यामेऱ्यापुढं बसून सांगू, मी बी होते म्हणून? रोज पंचशील म्हणते मी. खोटं बोलायचं न्हाई, हे काय नुसतं म्हणायला हाय?"

"सिनेमात सगळं खोटंच असतंय, आज्जी."

"मंग माझं तोंड कशाला पाहिजे? ते बी खोटंच कर की!"

घ्या! तसं करताही येत होतं. कॅमेऱ्यामागचा प्रेम भावनाच्या कानाला लागला. "ताई, आज्जीचे फोटो हायेत आपल्याकडं. देतो गर्दीत टाकून, जल्दी होऊन जाईल. कुणाला कळणार बी न्हाई."

"तिला कळंल ना," भावना म्हणाली.

आणि खरं सांगायचं तर गिरिजाबाईंचा जीव तिथंच अडकला होता. दर दसऱ्याला गावातली म्हातारी माणसं छाती काढून "आम्ही गेल्तो" म्हणून सांगायला बसली, की या उठून चहा टाकायला जायच्या. तिथं असायला मिळावं, याहून मोठं काही त्यांनी कधी मागितलं नव्हतं. पण न झालेली गोष्ट झाली म्हणायची, हे त्यांच्याच्यानं व्हायचं नाही.

"बरं, ऱ्हाऊ दे शूटिंग," भावना शेवटी म्हणाली. "नुसतं बघ तरी." आणि जिकडं धरावा तिकडच्या जागेत ती एआयची गर्दी बसलेली दाखवणारा टॅब तिनं आजीच्या हातात दिला.

गिरिजाबाईंनी तो मैदानाकडं धरला आणि "अगं बया!" करून उभ्याच राहिल्या. समोर दोन शेळ्या सोडल्या तर चिटपाखरू नव्हतं. टॅबात बघावं तर त्याच मैदानात, त्याच लिंबाखाली, कुंपणाच्या पार पलीकडंपर्यंत माणूसच माणूस. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, मांडीवर लेकरं. टॅब खाली घेतला की शेळ्या. वर धरला की नागपूर.

"ही आपली संध्या न्हवं का? आन् तिकडं बी संध्याच! आगं, त्या तिथं बी! मंग घरी सैपाक कोण करून राह्यलंय?"

मागं उभी असलेली शेजारची संध्या, सकाळच्या विसांतली एक, लाजून चूर झाली. सगळे खो-खो हसले. गिरिजाबाई मात्र टॅब हळूहळू फिरवत काहीतरी शोधत होत्या.

"माझी माय कुठं हाय यात?"

भावनाचा चेहरा उतरला. "तिचा फोटोच न्हाई गं, आज्जी. एक बी न्हाई."

"असू दे." गिरिजाबाईंनी टॅब मागच्या रांगांकडं वळवला. "मागं बसली असंल. पुढं बसणारी बाई न्हवतीच ती." त्यांनी डोळे पुसले आणि एकदम प्रेमकडं वळून म्हणाल्या, "पोरा, तो क्यामेरा बंद कर."

"काहून, आज्जी?"

"फिलिममधी नको. मला नुसतं जाऊन यायचंय."

असा शॉट जन्मात पुन्हा मिळायचा नाही, हे प्रेमलाही कळत होतं आणि भावनालाही. प्रेमचं बोट बटणावरच होतं. भावनानं स्वतःच्या हातानं लेन्सवर झाकण बसवलं.

गिरिजाबाई निघाल्या. टॅब दोन्ही हातांनी तोंडापुढं धरलेला. "सरका, बाई, जरा. लेकराला जवळ घे, पाय लागंल माझा." रिकाम्या मैदानात त्या कुणाला वळसा घालत होत्या, कुणाच्या बाजूनं अंग चोरून जात होत्या, मधेच थांबून "जयभीम, दादा" म्हणत होत्या. आता कुणी हसलं नाही. संध्यानं तर डोळ्याला पदर लावला.

पार मागं, कुंपणाजवळ, त्या थांबल्या. इकडंतिकडं पाहिलं, लुगडं सावरलं आणि खाली मातीत बसल्या.

बराच वेळ झाला तरी उठेनात, तशी भावना पळत गेली. "आज्जी, ऊन लई हाय. चल आता."

गिरिजाबाईंनी टॅबावरची नजर काढली नाही. थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली, तिथले खडे हातानं बाजूला सारले.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "तू बी कुठं आल्तीस तवा?"