हलकी गाडी

यशोदाबाई लेकाच्या नव्या गाडीत पुढच्या सीटवर बसून ओटीची पिशवी मांडीवर नीट करत होत्या, तेवढ्यात मिथुनने विषय काढला.

"दिपेश, तुझ्या या खेळण्यापेक्षा विपुलची सेडान जोरात पळेल. पावर बघ तिची."

करंजाड्याच्या नव्या, सरळसोट रस्त्यावर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दिपेशची लाल रोडस्टर आजच आलेली. दोनच सीट, टप उघडा आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. त्याच्या चुलतभावाची, विपुलची काळी सेडान मात्र ऐसपैस, आणि आत इंजिन असं की उभ्या जागी गुरगुरायची. नवी गाडी आधी गावदेवीला न्यायची आणि पुढच्या सीटवर घरच्या आईने ओटी घेऊन बसायचं, ही त्यांच्याकडची रीत. देऊळ रस्त्याच्या टोकाला दिसतही होतं. पण हातात नवी गाडी आणि समोर चार भाऊबंद, मग जीभ कुठली गप्प बसते?

"पावर घेऊन काय चाटायचीय?" दिपेश म्हणाला. "अर्धी पावर ते धूड ओढण्यातच जाते. माझी हलकी आहे. चार सेकंदात शंभर."

"वळणावर तुझी, मान्य," विपुल म्हणाला. "सरळ रस्त्याला सेडानच."

"आणि हलकी कसली रे?" मिथुनने दात काढले. "काकी बसल्यात ना पुढे."

सगळे हसले. यशोदाबाईही हसल्या. दिपेशचे मात्र कान तापले. पहिल्याच दिवशी गाडीचं हसं झालेलं त्याला सोसवेना. तो वळसा घालून आला आणि त्याने आईच्या बाजूचं दार उघडलं.

"आई, तू विपुलच्या गाडीत बस. देवळापर्यंतच तर जायचंय. इथे वजन पडतं."

गॅसचा सिलिंडर उतरवून घ्यावा तसं तो बोलला. यशोदाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्या खोल सीटवरून उठणं काही सोपं नव्हतं. गुडघे धरत, दाराचा आधार घेत त्या कशाबशा उभ्या राहिल्या. दिपेशने हात दिला, पण डोळे रस्त्यावर होते. जाताना त्यांनी पिशवी सीटवर ठेवली.

"ओटी तरी तुज्या गाडीत जाऊ दे, बाला."

मिथुनने शर्यतीचा रुमाल खाली केला आणि दिपेशने पाय दाबला. गाडी सुटली ती बाणासारखी. वारा, आवाज, पाठ सीटला चिकटलेली, सगळं हवं तसं होतं. फक्त एक घंटी टिंग टिंग करत राहिली. ओटीच्या वजनाने गाडीला वाटत होतं, बाजूला कुणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही. देवळापाशी त्याने करकचून ब्रेक मारला. पिशवी पुढे कोसळली, नारळ गडगडत खाली गेला आणि घंटी थांबली.

त्याने मागे पाहिलं. सेडान बरीच लांब होती. एवढा फरक? तो स्वतःशीच हसला. पण ती येत होती अगदी सावकाश, वरातीच्या गाडीसारखी. ती शेजारी येऊन थांबली तेव्हा त्याने खिडकीत डोकं घातलं.

"काय रे, बंद पडली?"

विपुलने मागे न बघता आवाज खाली आणला. "काकी बसल्यात मागे. अशी कशी दाबू?"

दिपेशचं तोंड एवढंसं झालं. शर्यत लागलीच नव्हती. तो एकटाच पळाला होता, आणि त्यासाठी त्याने आईला गाडीतून उतरवलं होतं. जमीन दुभंगावी असं त्याला वाटलं.

मागची काच खाली आली. यशोदाबाईंचा चेहरा फुलला होता.

"पयला आलास ना? मी सांगतच व्हती विपुलला. मी उतरली म्हनून तुजी गाडी पलाली."

"आई, ये," दिपेश म्हणाला. "पुढे बस. आपण परत एक फेरी मारू. हळू."

"नको रे. ही पोरं परत लावतील शर्यत. परत माजं वजन कशाला?" त्यांनी खिडकीतून हात पुढे केला. "नारल तेवढा दे."

तो गाडीकडे गेला. नारळ सीटखाली अडकला होता. गुडघे टेकून त्याने आत हात घातला. नारळ लगेच हाताला लागला, तरी दिपेश तसाच वाकून राहिला.