चुलीवरचं कमळ

पानं एकतीस होती. नऊ गळून कुंडीत पडलेली. अकरा पिवळी, काचेसारखी आरपार, बोट लावताच निसटणारी. उरलेली अकरा मधोमध गच्च मिटलेली, निळसर, घट्ट. देठ मात्र मातीपाशी कुजून काळा पडला होता.

गोदानं पुन्हा मोजली. तेवढीच भरली.

रोप तिच्या सासऱ्यांचं, रावजी मास्तरांचं. दोन परदेशी जातींची रोपं बोटीनं मागवून, एकीचे पराग दुसरीला लावून त्यांनी बी धरलं होतं. त्यातून जगलं ते हे एकच. पानं जाड, पाणी साठवून ठेवणारी; घरात त्याला दगडी कमळ म्हणत. मास्तर आजारी भावाकडे लांज्याला गेले होते. जाताना गोदाला म्हणाले, "ह्याच्याकडे लक्ष ठेव." तिनं ठेवलं. रोज आंघोळ झाली की तुळशीला एक तांब्या, कमळाला एक तांब्या.

"तुम्हीच म्हणालात, तुळशीला घालतेस तर त्यालाही घाल," ती सासूला म्हणाली.

"मी? मी बाई कशाला म्हणेन?" यमुनाबाई तांदूळ पाखडत राहिल्या. "एक पान मोडलं म्हणून केरू गड्याला त्याच दिवशी घालवलान ह्यांनी. तू तर झाडच मारलंस. आता भर गो बोचकं. मालगुंडास माहेरी पोचवतील तुला."

नवरा मुंबईत. नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी बंद. गोदाच्या बाजूनं बोलणारं घरात कोणी नव्हतं.

तिनं रोप उपटलं, विळी मांडली आणि देठ खालून चकत्या करत कापायला घेतला. पहिली चकती काळी. दुसरी काळी. तिसरीत मधे काळं, कडेला हिरवट. आणखी कापावं तर पानांना धरून ठेवायला देठ उरणार नाही. थांबावं तर काळं वर चढेल. तिनं डोळे मिटले. विळीपुढे डोळे मिटू नयेत म्हणून लगेच उघडले.

चौथी चकती पांढरी निघाली.

कापलेल्या तोंडाला तिनं चुलीतली राख लावली. पावसात घरातलं सगळं दमट. कोरडी जागा काय ती चुलीच्या वर. तिथल्या वाशाला तिनं ते दोऱ्यानं उलटं टांगलं.

"माझ्या सुक्या बांगड्यांशेजारी?" यमुनाबाई ओरडल्या. "आता तेवढं कालवणात घाल, म्हणजे झालं!"

रावजी मास्तर श्रावण लागल्यावर परतले. छत्री न मिटताच पडवीत रिकाम्या कुंडीपाशी उभे राहिले. मग स्वयंपाकघराच्या दारात आले आणि वर पाहिलं.

"कोणी कापलं?"

"हिनं हो," यमुनाबाई म्हणाल्या.

"आणि पाणी कोणी घातलं?"

यमुनाबाई चुलीतलं लाकूड मागेपुढे करू लागल्या.

"मी घातलं, मामंजी."

"उलटं का टांगलंस?"

"आमच्याकडे मालगुंडास दारावर कोरफड टांगतात. दृष्ट लागू नये म्हणून. मातीवाचून, पाण्यावाचून वर्षभर तगते ती. मला वाटलं, हेही..."

मास्तरांनी दोरा सोडला. रोप तळहातावर घेऊन ते खिडकीपाशी गेले. गोदाकडे त्यांची पाठ होती. गोदाचं बोचकं माजघरात कोपऱ्यात बांधून तयार होतं. ती तिकडे वळली.

"कुठं निघालीस? माझं भिंग आण. पट्टी आण. आणि इकडे उजेडात ये."

कापलेल्या देठावरच्या खपलीच्या कडेला धाग्यासारखं एक पांढरं मूळ बाहेर आलं होतं. मास्तरांनी भिंग धरलं, पट्टी गोदाला धरायला दिली. माप दोनदा घेतलं.

पहिल्यांदा दोन सूत भरलं. दुसऱ्यांदाही दोन सूत.