दोनशे छप्पन्न अक्षरं

चौदाव्या पानावर शिवशरणची पेन्सिल थांबली. बोटाने तो दोन ओळी मागे गेला, पुन्हा पुढे आला. मग पान उलटं ठेवलं. इथेही काही नव्हतं.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या कापडदुकानावरची ती खोली. खाट खिडकीला लावलेली. खालून रिक्षांचे भोंगे आणि गिऱ्हाइकांचा गलका वर येई. वर तो आणि कडांना भोकं असलेला, घड्याघड्यांचा छापील कागद. १९७८ साल चालू होतं. आठ महिन्यांपूर्वी मुंबईहून घरी येताना टेंभुर्णीजवळ मित्राची जीप उलटली आणि त्याच्या खुब्याचा चुरा झाला. दोन महिने इस्पितळात गेले, बाकीचे या खाटेवर. जिना अरुंद आणि वळणाचा. त्याला खाली न्यायचं तर चार माणसं लागत.

मुंबईच्या संस्थेत तो ज्या कामावर होता ते सांगायला सोपं होतं. दोन कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेने जोडायचे. निरोप तुकड्यातुकड्यांनी पाठवायचा. एका तुकड्यात जास्तीत जास्त दोनशे छप्पन्न अक्षरं. त्याहून एक जरी जास्त झालं, तरी पलीकडचं यंत्र जागच्या जागी बंद पडे. यंत्राचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्रामात प्रत्येक तुकडा मोजला जात होता. तरी मोठे तुकडे निसटत होते. कुठून, ते शोधायचं होतं.

अपघातानंतर पगार थांबला, काम मात्र चालू राहिलं. दर गुरुवारी त्या प्रोग्रामची छापील वीसेक पानं येत. सोबत साहेबांच्या टाइप केलेल्या दोन ओळी: काम समाधानकारक आहे. पुढील पाने सोबत.

पानं आणायचा निंगप्पा. तो अप्पांचा, म्हणजे शिवशरणच्या वडिलांचा, चुलतभाऊ, चादरींचे नमुने घेऊन दर आठवड्याला मुंबईला जाणारा. पोस्टाने उत्तर पाठवू का, असं शिवशरणने एकदा विचारलं होतं. पोस्टापेक्षा निंगप्पा लवकर पोचतो, असं अप्पा म्हणाले. साहेबांशी बोलावं, तर फोन खाली दुकानात.

अप्पांना, म्हणजे ईश्वरप्पांना, हा उद्योग पसंत नव्हता. सहा महिने अक्षरं मोजतोयस, एवढ्यात मी अख्ख्या सोलापूरच्या चादरी मोजल्या असत्या, असं ते येताजाता म्हणत. खाटेवर बसून दुकानाचा पत्रव्यवहार बघ, हेही ठरलेलं. शिवशरण पुढचं पान ओढून घेई. खोट सापडली की साहेब बोलावतील, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. तेवढ्यावरच तो सकाळी उठून बसत होता.

त्या गुरुवारी दुपारी अप्पा जेवायला वर आले ते चिडूनच. स्टेशनवरून कापडाच्या दोन गाठी परत आल्या होत्या. पार्सलवाल्यांनी वजन जास्त म्हणून घेतल्या नव्हत्या.

"मुनीमानं कापड तोललं, बरोबर भरलं," ते भाकरी मोडत म्हणाले. "मग वरनं गोणपाट शिवलं, पट्ट्या ठोकल्या. गोणपाट काय हवेचं असतंय व्हय?"

शिवशरणने मान वर केली. "तोललं कधी? शिवायच्या आधी?"

"आधीच की. तेच सांगतोय न्हवं."

शिवशरणने नववं पान ओढलं, मग अकरावं. दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. नवव्या पानावर तुकडा मोजला जात होता. दोनशे पन्नास अक्षरं, चालेल, जाऊ दे. अकराव्या पानावर त्याच्या पुढे पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता जोडला जात होता. सोळा अक्षरं. त्यानंतर कुणीच मोजत नव्हतं.

तो हसला. आवाज ऐकून त्याची आई, सुंदरम्मा अव्वा, हातातला तवा तसाच घेऊन दारात आली.

"आता बोलावतील की, अप्पा," तो म्हणाला. "एवढ्यासाठीच तर अडलं होतं."

अप्पा पानाकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. "बोलावतील," ते म्हणाले.

मग खोलीत बरीच हालचाल झाली. अव्वाने माळ्यावरची ट्रंक काढून पुसली, शर्ट उन्हात टाकले. पुढच्या शुक्रवारसाठी चार माणसं सांगून ठेवा, असं शिवशरणने बजावलं. पत्र लिहिताना तो गुणगुणत होता.

"अजून एक उन्हाळा या खोलीत काढावा लागला असता," तो मान न उचलता म्हणाला, "तर या खिडकीतनंच खाली गेलो असतो. चार माणसं लागली नसती."

अव्वाने त्याला गप्प केलं. अप्पा ताटावरून उठले.

चार वाजता निंगप्पा आला. नेहमीसारखी वर येऊन चौकशी केली, पाकीट घेतलं, काकाच्या थाटात शिवशरणची पाठ थोपटली आणि खाली उतरला. मागोमाग अप्पा उतरले. त्यांनी दुकानाची एक फळी लावून घेतली आणि गल्ल्यामागचं कपाट उघडलं.

आत शिवशरणच्या अक्षरातली पंचवीस पाकिटं होती, सगळी बंद. त्यांच्याखाली संस्थेचं सात महिन्यांपूर्वीचं पत्र: प्रयोग बंद केला आहे, आपली जागा रद्द झाली आहे, आपले सामान व कागद परत पाठवीत आहोत. त्याखाली त्या परत आलेल्या कागदांतली उरलेली पानं, बोटभर जाडीची. निंगप्पाने हातातलं पाकीट पंचविसांवर ठेवलं. टायपिस्टाला द्यायच्या चिठ्ठीसाठी खिशातून पेन काढलं आणि काय लिहू, असं विचारलं.

"लिही, खोट बरोबर सापडली," ईश्वरप्पा म्हणाले. "आणि म्हणावं, अजून एक हाय."