पत्रिका अपग्रेडमध्ये येत नाही

"अपग्रेडमध्ये पत्रिका येत नाही," अमृतनं पुन्हा तेच सांगितलं आणि जेवणाचा डबा उघडला.

कानिफनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुणतांब्याहून एसटीचे धक्के खात नगरला किती खेटे घालायचे माणसानं? कॉम्प्युटर याच दुकानातून घेतला, तेव्हा पत्रिकेचं सॉफ्टवेअर सोबत फुकट मिळालं होतं. त्याच्याच जिवावर त्यानं गावात 'संगणकीय पत्रिका व गुणमेलन' अशी पाटी लावली. मग याच अमृतनं नव्या विंडोज पंचाण्णवचा लकडा लावला, जुनं सगळं पुसून ती टाकली, आणि पत्रिका गेली ती गेलीच.

"ते फुकटचं मशीनबरोबर होतं. अपग्रेड म्हणजे नुसती विंडोज," अमृत भाकरी मोडत म्हणाला. "जुनी फ्लॉपी हिच्यावर चालत नाही. पुण्याहून नवी मागवलीय." मग डब्यात बघून करवादला, "रोज मेथी. आईला सांगून दमलो."

"कधी येणार?"

"येईल हो."

येईल हो! याचं काय जातंय? इकडे कानिफनाथचं लग्न अडलं होतं.

वाकडीच्या पुंजारामतात्यांची धाकटी, ज्ञानेश्वरी. थोरलीचे गुण बघायला तात्यांबरोबर कानिफनाथच्या दुकानात आली होती. प्रिंटरची करकर ऐकून खुदकन हसली, आणि त्याचं तिथंच ठरलं. घरच्यांनी शब्द टाकला. तात्या नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "पत्रिका काम्पुटरवरच बघायची. हातानं मांडलेली नको. गुरुजी चुकत्यात, असं तुमीच सांगितलं हुतं."

सांगितलं होतं खरं. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तो येईल त्याला तेच ऐकवायचा. आता स्वतःच्याच तोंडाचा राग येऊन उपयोग काय!

त्याचा पडलेला चेहरा बघून अमृत जरा नरमला. मुलीची माहिती देऊन ठेवा, फ्लॉपी आली की आधी इथंच मेलन काढून बघतो, म्हणाला. माणूस अगदीच वाईट नव्हता तर. कानिफनाथनं आपली जन्मवेळ सांगितली, मग ज्ञानेश्वरीची. गाव, वडिलांचं नाव. अमृतनं शिक्षण विचारलं, यानं डी.एड. सांगितलं. मग त्यानं देवक विचारलं.

"देवकही लागतं?"

"नव्याला सगळं लागतं," अमृत लिहिता लिहिता म्हणाला.

पुढं दिवसामागून दिवस गेले. कानिफनाथ एसटीडी बूथवरून फोन करायचा, अमृत 'पुण्याहून आलं नाही' म्हणायचा. तात्यांकडून निरोप नाही. पाटीकडं बघून लोक आत यायचे आणि हात हलवत परत जायचे. त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

अखेर एसटीच्या पार्सलनं फ्लॉपी आली. सोबत बिलसुद्धा नव्हतं. फोनवर आपण त्याला नाही नाही ते बोललो, याचीच कानिफनाथला लाज वाटली. घाईघाईनं त्यानं दोघांची माहिती भरली. प्रिंटर करकरला.

अठ्ठावीस गुण!

कागद फाडून तो दाराकडं वळतोय, तर दारात खुद्द पुंजारामतात्या. हातात पेढ्यांचा पुडा.

"तोंड गोड करा. ज्ञानेश्वरीचं जमलं. गुन काम्पुटरवरच बघितलं, बत्तीस जुळलं. मुलाची आई छापील कागद घेऊनच आली हुती."

कानिफनाथनं हातातला कागद पाठीमागं घेतला. "कुणाची आई?"

"नगरचे पाव्हने हायेत. मुलाचं तुमच्यासारखंच काम्पुटरचं दुकान हाय. तुमचं लई उपकार झालं बघा, पोरीची सगळी माहिती तुमीच दिली म्हनं."